हाफ मून बेला भोपळ्यांत फोटो काढायला जाताना

हाफ मून बे म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला समुद्राकाठचं, भोपळ्यांच्या शेतांचं गाव. तिथे जायचं तर आधी दिवस ठरवा, कपडे नंतर. आमच्याकडे हे दर वर्षी उलटं व्हायचं. सप्टेंबरपासून कोण कुठला रंग घालणार यावर व्हॉट्सअ‍ॅपवर खल, आणि जायचं कधी ते शुक्रवारी रात्री साडेदहाला ठरायचं. मग शनिवारी आवरून निघेपर्यंत अकरा, आणि साडेबाराला आम्ही हायवे ९२ वर, पुढच्या गाडीचे लाल दिवे बघत. सनीव्हेल-फ्रीमाँटकडून येणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की या गावात शिरायचे रस्ते मोजून तीन. हायवे २८० सोडून क्रिस्टल स्प्रिंग्जचं तळं ओलांडून डोंगरावरून उतरणारा ९२. सॅन फ्रान्सिस्कोकडून समुद्राच्या कडेने येणारा हायवे १. आणि दक्षिणेला ला होंडाच्या झाडीतून सान ग्रेगोरिओला हायवे १ ला मिळणारा ८४. डोंगर उतरताना ९२ ला बराच वेळ जायला एक पट्टा आणि यायला एक, एवढंच असतं. एरवी पाऊण तासाचा रस्ता, ऑक्टोबरातल्या शनिवारी दोन तास घेतो. तोवर मुलांच्या केसांचा भांग गेलेला असतो, आणि मोठ्यांचा मूडही.

म्हणून शक्य असेल तर मधल्या वारी जा. शनिवार-रविवारच असेल तर शेत उघडायच्या वेळेला फाटकाशी हजर राहा, म्हणजे घरून आठच्या आत निघा. ८४ ने जायचं ठरवलंत तर वळणं फार आहेत. ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी आवळासुपारी आणि एक रिकामी पिशवी पुढच्या सीटच्या खिशात हवी, डिकीत नव्हे.

कॅलेंडरवर दोन तारखांना आधीच खूण करा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी इथे महाकाय भोपळ्यांची वजनाची स्पर्धा असते, आणि त्यानंतरच्या शनिवार-रविवारी मेन स्ट्रीटवर आर्ट अँड पम्पकिन फेस्टिव्हल. १९७१ पासून चालत आलेली ही जत्रा आहे आणि एकदा तरी बघावीच. २०२३ च्या स्पर्धेत मिनेसोटाहून ट्रकवर घालून आणलेला भोपळा २,७४९ पौंड भरला, म्हणजे जवळपास साडेबारा क्विंटल, आणि तेव्हाचा तो जागतिक विक्रम होता. आमच्या सासूबाई असा एक भोपळा समोर बघून म्हणाल्या, "ह्यात म्हातारी काय, तिची लेक-जावई पण बसतील की गं." पण जत्रा वेगळी आणि फोटो वेगळे. त्या दोन दिवसांत कुटुंबाचा निवांत फोटो काढायला गेलात तर तुमच्यामागे निदान चार अनोळखी कुटुंबं येणारच. आम्ही हे करून बसलोय. आमच्या त्या वर्षीच्या दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर एक हिरव्या टोपीतले आजोबा आहेत, ते आमचे कोणी नाहीत.

शेत कुठलं, हे मुलांच्या वयावर ठरवा. लेमोस फार्म ९२ वरच लागतं, तिथे पोनी आणि शेळ्या-कोंबड्या आहेत, त्यामुळे पाचच्या आतली मुलं असतील तर तेच बरं. फक्त फोटो आधी आणि पोनी नंतर, हा क्रम मोडू नका. मोठ्या मुलांना अराटाचं शेत आवडतं. १९३२ पासूनचं, गावाच्या दक्षिणेला, आणि वाळक्या गवताच्या गठ्ठ्यांचा मोठा भुलभुलैया आहे. ८४ ने आलात तर ते गावाच्या आधीच लागतं. नारिंगी सोडून राखाडी, पांढरे, चपटे, फोडाफोडांचे असे भोपळे फोटोत हवे असतील तर गावाच्या उत्तरेला हायवे १ वर फार्मर जॉन्स बघा. जायच्या आदल्या आठवड्यात शेताच्या वेबपानावर वेळा, तिकीट आणि पार्किंग बघून घ्या, दर वर्षी बदलतं. फोटोग्राफर बरोबर आणणार असाल तर फोन करून विचारा. धंदेवाईक फोटोंसाठी बऱ्याच शेतांवर वेगळी परवानगी लागते, आणि मोठी लेन्स लपत नाही.

आता कपडे. सनीव्हेलला पारा ८५ फॅरनहाइटवर असतो तेव्हा इथे साठ-बासष्ट असू शकतो, वर समुद्रावरचा वारा. घरून निघताना घामाने जीव जातो आणि उतरल्यावर दात वाजतात. कुर्त्याच्या आत थर्मल घाला, ते फोटोत दिसत नाही आणि चेहऱ्यावर मात्र दिसतं. भारतातून आई-बाबा आलेले असतील तर त्यांचा स्वेटर आणि कानटोपी तुम्हीच घ्या. "मला कशाला लागतोय" असं ते घरी म्हणतात आणि तिथे गेल्यावर काहीच म्हणत नाहीत, हात काखेत घालून उभे राहतात. रंगाचं म्हणाल तर केशरी आणि पिवळा सोडा, मागच्या ढिगात माणूस विरघळून जातो. मोरपंखी, गर्द हिरवा, जांभळा, निळा उठून दिसतात. सगळ्यांनी एकाच ताग्यातलं घालायची गरज नाही, तसं केलं की बँडपथक वाटतं.

पैठणीचा हट्ट असेल तर घाला, पण जरीचं आणि वाळक्या गवताचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. गठ्ठ्यावर बसून उठलं की काड्या पदरात अडकतात, आणि ओढून काढायला गेलं की जरीचा धागा काडीबरोबर वर येतो. मी एकदा रात्री बारापर्यंत पलंगावर पदर पसरून प्लकरने एकेक काडी काढत बसले होते. तेव्हापासून गाडीत एक जुनी सोलापुरी चादर असते. गठ्ठ्यावर ती आधी, तिच्यावर आपण, आणि कडा आत दुमडलेल्या. साडीखाली बूट घाला, निऱ्या दोन बोटं वर घ्या. रात्रीच्या दवाने सकाळी माती ओली असते आणि मोजड्या तिथेच संपतात. स्ट्रोलरची चाकं त्या मातीत फिरत नाहीत, त्यामुळे तान्ह्याला अंगाशी बांधायचा पट्टा घ्या.

धुकं बघून हिरमुसू नका. हा माझ्या यादीतला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि घरात कोणालाच पटत नाही. निळं आकाश हवं म्हणून लोक दुपारी बाराला उभे राहतात आणि सगळ्यांचे डोळे मिचमिचे, नाकाखाली सावलीच्या मिश्या. सकाळी नऊ-दहाला धुक्यातून गाळून आलेला उजेड सगळ्या चेहऱ्यांवर सारखा पडतो, आणि भोपळ्यांचा रंग त्या करड्या पार्श्वभूमीवर जास्त पेटतो. संध्याकाळचं कोवळं ऊन हवं असेल तर ऑक्टोबरच्या मध्यात सूर्य साडेसहाच्या सुमाराला मावळतो, पण बरीच शेतं त्याच्या आत फाटक लावतात, तेव्हा वेळ आधी बघा. फोन मुलांच्या छातीच्या उंचीवर धरा, वरून काढलात तर नुसती डोकी आणि भोपळे येतात. स्टँड आणि टायमर असू द्या, नाहीतर दर फोटोत बाबा गायब. आदल्या रात्री फोनमधले जुने फोटो हलवून जागा करा, फोन चार्ज करा, नकाशाही उतरवून ठेवा, कारण डोंगरात सिग्नल जातो.

खाणं फोटोच्या आधी, आणि कोरडं. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, सुकी चटणी, थर्मासात चहा. दही-भात किंवा केचप नको, पांढऱ्या कुर्त्याची शपथ. ओले रुमाल भरपूर, सॅनिटायझर, सुटे डॉलर. शेतावर संडास बहुतेक ठिकाणी तात्पुरत्या खोक्यांचे असतात, त्यामुळे वाटेतल्या पेट्रोल पंपावर सगळ्यांना उतरवा, "नाही आली" म्हणणाऱ्यालाही.

मुलांना आधीच सांगून ठेवा की पुष्कळ भोपळे कापून मांडलेलेच असतात, वेलाला लागलेले नसतात. नाहीतर तिथे गेल्यावर वेल शोधण्यात अर्धा तास जातो. आणि भोपळा देठाला धरून उचलायचा नाही. फोटोत ते छान दिसतं, पण वाळलेल्या देठाच्या धारेवर बारीक काटे असतात, ते कोवळ्या तळहातात शिरतात. त्यात देठ मोडला तर भोपळा थेट पायावर. खालून दोन्ही हातांनी, पोटाशी धरून.

विकत घेताना एक मोठा कोरायला आणि दोन छोटे खायला, हे वेगळे घ्या. पहिल्या वर्षी सासूबाईंनी कोरायच्याच भोपळ्याचे घारगे करायला घेतले. किसून गूळ घातला तर इतकं पाणी सुटलं की कणीक घालता घालता परात भरली, आणि घारगे फिक्के ते फिक्केच. "हा भोपळा नाही गं, नुसतं पाणी आहे." खायला शुगर पाय नावाचे छोटे, घट्ट गराचे मागा, त्यांचे घारगे आणि भरीत आपल्या तांबड्या भोपळ्याच्या जवळ जातं.

परतताना समुद्रावर जायचंच झालं तर फ्रान्सिस बीच जवळ आहे, पण पाणी बर्फासारखं आणि लाट अचानक वर येते, तेव्हा मुलांचे हात धरलेले बरे. कपडे बदलायचे जोड आणि चपला एका पिशवीत, मातीचे बूट दुसऱ्या. चादर झटकून डिकीत अंथरा, भोपळे तिच्यावर, आणि त्यांच्यामध्ये सगळ्यांचे स्वेटर कोंबा. ९२ च्या वळणांवर मोकळा भोपळा डिकीत या टोकापासून त्या टोकापर्यंत घरंगळतो, आणि त्या आवाजाने नुकतंच झोपलेलं पोर जागं होतं.