जगभरातील निवडणुकांची आकडेवारी इंटरनेटवर कशी शोधावी आणि कशी वाचावी

मराठवाड्यातील महाविद्यालयांत वक्तृत्व स्पर्धेसाठी, परिसंवादासाठी किंवा स्पर्धा परीक्षेसाठी एखादा विद्यार्थी जगातील लोकशाही हा विषय घेतो, तेव्हा त्याला हमखास एकच सल्ला मिळतो: गुगलवर टाक, सगळे सापडते. सापडते हे खरे. परंतु जे सापडते ते बहुधा एकाने दुसऱ्याकडून उचललेले, वर्षाचा उल्लेख नसलेले आणि कशाच्या प्रमाणात मोजले हे न सांगणारे टक्के असतात. अशा टक्क्यांवर उभा राहिलेला युक्तिवाद पहिल्याच प्रश्नाला कोसळतो.

शोधाला बसण्यापूर्वी देश, सभागृह आणि वर्ष या तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात.

त्यानंतर थेट मूळ भांडारांकडे जावे. निवडणूक पद्धती आणि मतदानाची टक्केवारी यांसाठी स्टॉकहोम येथील इंटरनॅशनल आयडिया ही आंतरशासकीय संस्था सर्वांत उपयोगी आहे. तिची स्थापना 1995 मध्ये झाली, भारत तिच्या संस्थापक सदस्यांपैकी एक आहे आणि 1945 पासूनच्या राष्ट्रीय निवडणुकांची नोंद तिच्याकडे मिळते. संसदांची रचना आणि त्यांतील स्त्रियांचे प्रमाण पाहायचे असेल तर 1889 मध्ये स्थापन झालेल्या आंतरसंसदीय संघाचे पार्लाइन हे भांडार उघडावे. रवांडाच्या कनिष्ठ सभागृहात स्त्रिया 60 टक्क्यांहून अधिक आहेत आणि 2024 च्या लोकसभेत 543 पैकी 74 स्त्रिया निवडून आल्या, ही तुलना तेथे काही मिनिटांत हाती येते; मात्र क्रमवारी कोणत्या महिन्याची आहे आणि कोणत्या सभागृहाची आहे, हे टिपून घ्यावे. संविधानांचा मूळ पाठ कॉन्स्टिट्यूट या संकेतस्थळावर आहे. मतदार याद्या, मतमोजणी, मतदान केंद्रांची व्यवस्था यांबद्दलची माहिती एसीई या निवडणूक ज्ञानजालावर आहे. येथपर्यंत कोणीही पोहोचू शकतो.

खरी अडचण येथून पुढे सुरू होते आणि बाजारातील मार्गदर्शक पुस्तके नेमकी याच ठिकाणी गप्प बसतात. एका देशाची मतदानाची टक्केवारी दुसऱ्या देशाशेजारी ठेवायची कशी, हा तो प्रश्न. मलाही यात बराच काळ चाचपडावे लागले, कारण भागाकार कशाने केला आहे हे पाहण्याची सवय कोणी लावलेली नव्हती. लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचा भाव ऐकल्यावर शेतकरी आधी तो क्विंटलचा की कट्ट्याचा हे विचारतो; मतदानाच्या टक्क्यांबाबतही तेवढाच सावधपणा हवा.

भारतात 2024 च्या लोकसभा निवडणुकीत सुमारे 66 टक्के मतदान झाले. अमेरिकेत 2020 च्या अध्यक्षीय निवडणुकीतही सुमारे 66 टक्के मतदान झाले, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत आणि तरीही त्यांवरून दोन्ही देशांत सारखेच मतदान झाले असा निष्कर्ष काढणे साफ चुकीचे आहे. भारताचा आकडा मतदार यादीत नाव असलेल्यांच्या प्रमाणात आहे. अमेरिकेचा आकडा मतदानास पात्र असलेल्या लोकसंख्येच्या प्रमाणात आहे, मग त्यांनी नाव नोंदवलेले असो वा नसो. त्याच अमेरिकी निवडणुकीतील मते 18 वर्षांवरील सर्व रहिवाशांनी भागली तर प्रमाण सुमारे 62 टक्क्यांवर येते, कारण नागरिकत्व नसलेले लोक आणि गुन्ह्यामुळे मताधिकार गमावलेले लोकही छेदात येतात. नोंदणीकृत मतदारांनी भागले तर ते 66 च्या वर जाते. मते तितकीच, बदलतो तो केवळ छेद.

म्हणूनच आयडियाच्या तक्त्यात मतदानाचे दोन स्वतंत्र स्तंभ असतात, एक नोंदणीकृत मतदारांवर आधारलेला आणि दुसरा मतदानयोग्य वयाच्या लोकसंख्येवर आधारलेला. एका देशाचा आकडा पहिल्या स्तंभातून आणि दुसऱ्या देशाचा दुसऱ्या स्तंभातून घेणे हा घोटाळा मी छापील लेखांतही वारंवार पाहिला आहे. माझे ठाम मत असे की दोन देशांची तुलना करताना दोन्ही स्तंभ शेजारी लिहावेत, आणि दोन्हींसाठी जागा नसेल तर तुलनाच करू नये.

स्तंभ जुळवल्यानंतरही काम संपत नाही, कारण याद्या प्रत्येक देशात वेगळ्या रीतीने तयार होतात. स्वीडनमध्ये लोकसंख्या नोंदवहीतून मतदार यादी आपोआप तयार होते, त्यामुळे तेथील 2022 चे सुमारे 84 टक्के मतदान हे पात्र नागरिकांच्या खऱ्या सहभागाच्या बरेच जवळ जाते. अमेरिकेत नॉर्थ डकोटा वगळता सर्व राज्यांत नोंदणी आवश्यक आहे. ऑस्ट्रेलियात संघीय निवडणुकीत मतदान 1924 पासून सक्तीचे असून न करणाऱ्याला दंड होतो. तेथील 90 टक्क्यांच्या आसपासचा आकडा दाखवून आपल्या मतदारांना उदासीन ठरवणाऱ्या वक्त्यांनी ही एक गोष्ट तरी सांगायला हवी.

आपल्याकडील स्थिती बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांच्या उदाहरणाने नीट कळते. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबर 2024 रोजी झाले, म्हणजे गळीत हंगामाच्या तोंडावर. ज्याचे नाव गावच्या यादीत आहे पण जो कारखान्याच्या तळावर पोहोचला आहे, तो छेदात मोजला जातो आणि अंशात येत नाही. पुण्यात वर्षानुवर्षे मजुरी करणारा, ज्याचे नाव कोठेच नोंदलेले नाही, तो या हिशेबात दिसतच नाही. यादीत मृतांची किंवा दुबार नावे राहिली, तर मतदान प्रत्यक्षापेक्षा कमी भासते. मतदानयोग्य वयाच्या लोकसंख्येचा स्तंभही निर्दोष नाही: भारताची शेवटची पूर्ण जनगणना 2011 ची असल्यामुळे त्यानंतरच्या निवडणुकांसाठी तो अंदाजावर उभा आहे.

लोकशाही निर्देशांकांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांवर वाद घालण्यातच विद्यार्थ्यांचा सगळा वेळ जातो. अमेरिकेतील फ्रीडम हाऊस ही संस्था 100 पैकी गुण देते, त्यातील 40 राजकीय हक्कांसाठी आणि 60 नागरी स्वातंत्र्यासाठी असतात. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट 10 पैकी गुण देते. स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठाशी संलग्न व्ही-डेम प्रकल्प प्रामुख्याने तज्ज्ञांच्या मूल्यमापनावरून अनेक वेगवेगळे निर्देशांक बांधतो. 2021 च्या अहवालांत फ्रीडम हाऊसने भारताला अंशतः स्वतंत्र या गटात टाकले आणि व्ही-डेमने निर्वाचित एकाधिकारशाही म्हटले. भारत सरकारने फ्रीडम हाऊसचा निष्कर्ष फेटाळला. यांपैकी कोणाची बाजू घ्यायची ती घ्यावी, परंतु केवळ क्रमांक सांगून थांबू नये. कोणत्या उपघटकात किती गुण कमी झाले, हे उघडून पाहावे आणि त्यावर बोलावे. देशांच्या राजवटींना गुण देणाऱ्या पॉलिटी या जुन्या मालिकेची आकडेवारी 2018 ला थांबते, हेही लक्षात ठेवावे.

मराठवाड्याचा स्वतःचा निवडणूक इतिहास जागतिक आकड्यांशेजारी ठेवायचा असेल, तर निवडणूक आयोगाच्या जुन्या सांख्यिकी अहवालांत वेगळ्या ठिकाणी शोधावे लागते. 1951-52 चे आपले मतदारसंघ हैदराबाद राज्याखाली आहेत, 1957 चे मुंबई राज्याखाली आणि 1962 पासूनचे महाराष्ट्राखाली. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके पहिल्या निवडणुकीच्या वेळी बीदर जिल्ह्यात होते. इंग्रजी अहवालांत बीडचे जुने स्पेलिंग Bhir (भीर) असे आहे, त्यामुळे आजच्या नावाने शोधल्यास काहीच हाती लागत नाही. लातूर जिल्हा 1982 मध्ये आणि हिंगोली 1999 मध्ये झाला, तेव्हा जिल्हावार तुलना करण्याऐवजी मतदारसंघवार करावी. त्यातही पैठण विधानसभा मतदारसंघ जालना लोकसभेत आणि औसा उस्मानाबाद लोकसभेत मोडतो, हे विसरू नये. जिल्ह्यांची नावे बदलली असली तरी 2024 च्या निवडणुकीत लोकसभा मतदारसंघांची नावे औरंगाबाद आणि उस्मानाबाद अशीच होती. मतदान केंद्रनिहाय निकालासाठी राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरील फॉर्म 20 पाहावा.

शेवटी, सापडलेले पान लगेच उतरवून ठेवावे आणि त्याची प्रत इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवरही साठवावी. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळाचा पत्तादेखील बदलला आहे आणि जुन्या टिपणांतील अनेक दुवे आता उघडत नाहीत. प्रत्येक आकड्यापुढे देश, सभागृह, वर्ष, छेद, भांडाराचे नाव आणि पाहिल्याची तारीख एका ओळीत लिहावी.