गटर वर असतं: मेलबर्नमध्ये पहिलं घर घेणाऱ्यांसाठी

मेलबर्नमध्ये कुणी नवीन घर घेतलं की वास्तुशांतीच्या जेवणानंतर मी हळूच विचारतो, "गटर बघितलंत का?" यजमान बिचारा रस्त्याकडे बघतो. आपल्याकडे गटर म्हटलं की नाकाला रुमाल लागतो. इथलं गटर छपराच्या कडेला असतं, म्हणजे आपली पन्हळ.

माझं लहानपण चिपळूणकडचं. मे महिना संपत आला की कौलं चाळायची, पन्हळीतला पाचोळा काढायचा आणि मिरगाची वाट बघायची. पन्हळ साफ करायची ती पावसासाठी, हे डोक्यात इतकं पक्कं होतं की इथे आल्यावर पहिली काही वर्षं उन्हाळ्यात मी वर बघितलंच नाही. पाऊसच नाही, तर पन्हळीचं काय काम? इथे गणित उलटं आहे, हे समजायला वेळ लागला. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, पन्हळ आधी आगीसाठी साफ करायची, मग पावसासाठी.

कारण निलगिरी. या झाडांना पानगळीचा असा ठरलेला मोसम नाही. पानं वर्षभर पडतात, उन्हाळ्यात जास्तच, शिवाय सालीच्या पट्ट्या सुटून लोंबतात. पानात तेल असतं. चार दिवस उत्तरेकडून गरम वारा वाहिला की गटरातली पानं पापडासारखी वाजायला लागतात. वणव्यात बरीच घरं ज्वाळांनी पेटत नाहीत, वाऱ्याबरोबर उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात, आणि हे निखारे आगीच्या कित्येक किलोमीटर पुढे जाऊन पडू शकतात. त्यातला एखादा कोरड्या गटरात पडला की शेजारी लाकडी पट्टी, तिच्यामागे छपराखालची पोकळी. एकदा आग तिथे शिरली की खालून पाइपने पाणी मारून काही होत नाही.

7 फेब्रुवारी 2009 ला, व्हिक्टोरियातल्या त्या मोठ्या वणव्यांच्या दिवशी, मेलबर्नचा पारा 46.4 अंशांवर गेला होता. आम्ही भाड्याच्या घरात पडदे ओढून बसलो होतो. संध्याकाळी वारा फिरला, गार झुळूक आली आणि आम्ही 'सुटलो' म्हणालो. तोच वारा फिरल्यामुळे आगीची लांबलचक बाजूच तिचं पुढचं तोंड झाली आणि नव्या दिशेला धावली, हे नंतर कळलं. त्या वणव्यांत 173 माणसं गेली. तेव्हापासून इथल्या गार झुळुकीचं मला पूर्वीसारखं कौतुक वाटत नाही.

आता काम कधी करायचं? माझा सोपा हिशेब: दिवाळीच्या साफसफाईत. आपली दिवाळी इथे वसंतात येते, वणव्याचा मोसम तोंडावर असतो. नंतर नाताळच्या सुट्टीत एकदा, आणि मार्चपर्यंत महिन्यातून एकदा नजर. अपर फर्नट्री गली, एल्थम, वॉरंडाइट अशा झाडीच्या भागात घर असेल तर यात चालढकल नको. टारनीट, पॉइंट कुककडे मोठी झाडं कमी, तिथे गटरात धूळ आणि पक्ष्यांची घरटी सापडतील. पण गवताचे वणवे त्या बाजूलाही लागतात.

कोरड्या दिवसांत काम सोपं जातं. पानं हलकी असतात, हाताने निघतात. जाड हातमोजे मात्र हवेतच, कारण विषारी रेडबॅक कोळी अशाच कोपऱ्यांत बसतो. खरवडायला प्लॅस्टिकचं फावडं घ्या. लोखंडी थापीने पत्र्यावरचा लेप निघतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. सगळं काढलं की बादलीभर पाणी ओता आणि खाली उभं राहून बघा: कुठे थांबतं, कुठल्या सांध्यातून गळतं. कोरड्या गटरात सांधे बुजवायचं सिलिकॉन नीट बसतं, पावसात ते जमत नाही. हे मी एका जून महिन्यात, बेडरूमच्या छताला पिवळा डाग पडल्यावर शिकलो.

शिडीबद्दल थोडं दटावून सांगतो. चार फूट उंचीला भिंतीपासून एक फूट अंतर, खाली धरायला माणूस, आणि हात पुरत नसेल तर उतरून शिडी सरकवा. लांबून पान ओढायला जाणारेच पडतात. घराला येणारी विजेची तार कुठे आहे ते आधी बघा. दुमजली घर असेल तर सरळ माणूस बोलवा, पैसे वाचवू नका. 1990 च्या आधीचं घर असेल तर छपरात किंवा छज्जात ॲस्बेस्टॉस असू शकतं. तिथे जोराच्या पाण्याचा फवारा अजिबात नको. आणि सप्टेंबरमध्ये शिडीवर चढताना मॅगपाय पक्ष्याकडे लक्ष असू द्या. पिल्लांच्या दिवसांत तो डोक्यावर झेपावतो.

जाळी बसवणारे दारावर येतील, "आता कधीच साफ करायला नको" म्हणतील. जाळी उपयोगी आहे, पण धातूची घ्या, छिद्र 2 मिलिमीटरपेक्षा मोठं नको. प्लॅस्टिकची जाळी आगीत वितळते. आणि जाळीवर साठलेली पानं कुणी तरी काढावी लागतातच.

आगीच्या दिवशी डाऊनपाइपची, म्हणजे गटरातलं पाणी खाली आणणाऱ्या नळांची, तोंडं बोळ्याने बुजवून गटरं पाण्याने भरतात, असं ऐकाल. ते खरं आहे, पण हाताशी भरपूर वेळ असेल तरच. धूर दिसत असताना छपरावर चढायचं नाही. आणीबाणीच्या सूचना देणारं व्हिकइमर्जन्सी ॲप फोनवर ठेवा आणि 'कॅटस्ट्रॉफिक', म्हणजे आगीच्या धोक्याच्या सगळ्यात वरच्या दर्जाच्या दिवशी वणव्याच्या पट्ट्यात घर असेल तर सकाळीच, नाहीतर आदल्या रात्री, निघा. गटर कितीही स्वच्छ असलं तरी.

भाड्याने राहत असाल तर स्वतः चढू नका. फोटो काढून एजंटला ईमेल करा, फोनवर सांगून सोडू नका. माझ्या पहिल्या घरी फोनवर तीनदा सांगितलं होतं. चौथ्यांदा लिहून पाठवलं, तेव्हा त्याच आठवड्यात माणूस आला.