चवथ तोंडावर असताना ड्रायव्हरला हात लावू नका: स्टुडिओच्या कॉम्प्युटरवरच्या या चुका टाळा

फोंड्यात घरातल्याच एका खोलीत माझा छोटा स्टुडिओ आहे. काम बहुतेक भजनी मंडळांचं, घुमट आरत्यांचं आणि जत्रेतल्या नाटकांच्या पार्श्वसंगीताचं. दोन वर्षांपूर्वी चवथीच्या आधी एका आरती मंडळाचं रेकॉर्डिंग ठरलं होतं. आदल्या रात्री स्क्रीनच्या कोपऱ्यात ग्राफिक्स कार्डाच्या नव्या ड्रायव्हरची, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, सूचना आली आणि मी टिचकी मारली. गरज काहीच नव्हती, नुसते हात शिवशिवले.

दुसऱ्या दिवशी दहा जण आले. घुमटं, शामेळ, झांजा. त्या दणदणाटात काही कळलंच नाही. रात्री हेडफोन लावून ऐकायला बसलो. आरतीच्या शेवटी वाद्यं थांबतात आणि एकट्या बुवांचा आवाज उरतो, तिथे बारीक ‘टक्... टक्’. मग मागे जाऊन ऐकलं, तर घुमटाच्या थापांखालीही तेच लपलेलं. दहा जणांना पुन्हा बोलवायचं म्हणजे दहा जणांची रजा, दोन गाड्या आणि माझं तोंड!

चूक पहिली: ‘ग्राफिक्सचा आवाजाशी काय संबंध?’

संबंध आहे. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने (सॅम्पल) घेताना, १२८ सॅम्पलचा बफर, म्हणजे एका वेळचा साठा, ठेवला, तर कॉम्प्युटरला दर २.७ मिलिसेकंदांनी आवाजाचा नवा घास तयार ठेवावा लागतो. तेवढ्या वेळात दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरने प्रोसेसर अडवून धरला, तर तो घास चुकतो आणि आपल्याला ‘टक्’ ऐकू येतं. प्रोसेसर कितीही दमदार असो, रांगेत मध्येच घुसणारा एक जण पुरतो. ग्राफिक्स आणि वाय-फाय हे त्यातले नेहमीचे संशयित. म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी मी वाय-फाय बंदच ठेवतो.

विंडोजवर लेटन्सीमॉन नावाचं फुकट साधन मिळतं. कुठला ड्रायव्हर किती वेळ अडवून बसतो, हे ते फाइलच्या नावासकट दाखवतं. अपडेटच्या आधी दहा मिनिटं चालवून आकडे वहीत लिहा, नंतर पुन्हा चालवा. आकडे वाढले तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या ‘ड्रायव्हर’ टॅबवर जुना ड्रायव्हर परत आणणारं ‘रोल बॅक’चं बटण असतं. मी त्या रात्री तेच केलं आणि टकटक थांबली. रेकॉर्डिंग मात्र वाया गेलं ते गेलंच.

जाता जाता: एनव्हिडियाच्या ड्रायव्हरवर ‘स्टुडिओ’ असं लिहिलेलं दिसलं म्हणून हुरळू नका. तो स्टुडिओ व्हिडिओ एडिटिंग आणि थ्रीडीवाल्यांचा, आपला नव्हे.

चूक दुसरी: घाबरून काहीच अपडेट न करणं

हे दुसरं टोक. ‘चालतंय ना, मग राहू दे’ हा सल्ला बहुतेक वेळा बरोबर असतो, नेहमी नाही. एएमडीच्या ५०० मालिकेच्या मदरबोर्डांवर यूएसबी मध्येच तुटायचं. माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा, म्हणजे ऑडिओ इंटरफेस, बहुधा यूएसबीवरच असतो, त्यामुळे चालू रेकॉर्डिंगमध्ये आवाज गुल. २०२१मध्ये त्यावर इलाज आला तो नव्या बायोसमधूनच, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या मदरबोर्डातल्या सॉफ्टवेअरमधून. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरना जास्त व्होल्टेज मिळून ते कायमचे बिघडत होते. त्यावरचं मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, ऑगस्ट २०२४पासून बायोसमधून यायला लागलं. असा प्रोसेसर असेल आणि बायोस त्याआधीचा असेल, तर तो जुना बायोस जपून ठेवण्यात शहाणपण नाही.

मी बदलांची यादी उघडून वाचतो. त्यात माझा त्रास लिहिलेला असेल तर अपडेट. नुसतं ‘स्थिरता सुधारली’ असेल तर राहू दे.

चूक तिसरी: पावसात बायोस

पेडण्याच्या एका मित्राने जुलैत, बाहेर गडगडत असताना, बायोस बदलायला घेतला. अर्ध्यावर वीज गेली. कॉम्प्युटर पुन्हा उठला नाही. काही मदरबोर्डांवर पेन ड्राइव्हवरून बायोस परत भरायचं वेगळं बटण असतं, त्याच्या बोर्डावर नव्हतं. शेवटी बोर्डच बदलावा लागला.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे काम यूपीएसशिवाय करूच नये. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली आणि चार्जरही लावलेला हवा. बायोस बदलला की जुन्या सेटिंग पुसल्या जाऊ शकतात, म्हणून आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, नंतर मशीन तीच मागत बसतं. ऑडिओ इंटरफेसचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलताना हबमधून नको, थेट पोर्टात केबल लावा आणि स्पीकर बंद ठेवा. इंटरफेस बंद-चालू होताना ‘धप्प’ आवाज येतो.

चूक चौथी: सगळं एका बसणीत

विंडोज, इंटरफेस, ग्राफिक्स, बायोस एकाच दुपारी उरकलं आणि संध्याकाळी बिघडलं, तर दोष कोणाला देणार? एका वेळी एकच. मग दोन-तीन दिवस नेहमीचं काम करून बघा. इंटरफेसच्या जुन्या ड्रायव्हरची फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा, कंपनीच्या साइटवर ती कायम मिळेलच असं नाही. सगळे ड्रायव्हर एका टिचकीत अपडेट करून देणारी सॉफ्टवेअरं तर मुळीच नकोत. मॅकवाल्यांनी आधी प्लगइन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायची छोटी साधनं, तपासावेत. मॅकच्या २०१९च्या कॅटालिना आवृत्तीने जुन्या पद्धतीचं ३२-बिट सॉफ्टवेअर चालवणंच बंद केलं, तेव्हा अनेकांचे जुने प्लगइन एका रात्रीत मुके झाले.

ही अपडेटची कामं करायची माझी सुट्टी चवथ ते दिवाळीच्या मधली. पुढे जत्रा सुरू झाल्या की कोण कुणाचं ऐकतो! चवथीआधी विंडोजची अपडेट मी थांबवून ठेवतो. पाच आठवड्यांपर्यंत ती लांबवता येतात.

आणि एक. प्रत्येक कडकड ड्रायव्हरची नसते. गेल्या श्रावणात म्हापशाहून एकाचा फोन आला. दोन दिवस तो ड्रायव्हर उलटेपालटे करत होता. मी म्हटलं, केबलचं टोक जरा फिरवून बघ. फिरवलं की कडकड वाढायची. पिनवर दमट हवेने हिरवट थर चढला होता.