मार खाऊन आलेली बाई आणि आपली कॅज्युअल्टी: या चुका टाळा

इंदूरमध्ये कॅज्युअल्टीत ड्युटी करता करता वीस वर्षं झाली. दर पंधरवड्याला नवे इंटर्न येतात. टाके सुंदर घालतात, सलाईन पहिल्या फटक्यात लावतात. पण घरात मार खाल्लेली बाई ट्रॉलीवर आली की त्याच त्या चुका होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९ टक्के जणींनी नवऱ्याची हिंसा सोसल्याचं सांगितलंय. म्हणजे दहांत जवळजवळ तिघी. तुमच्या पंधरा दिवसांत अशी एकही आली नसेल, तर ती आली होती आणि तुम्हाला दिसली नाही, असं समजा.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे नातेवाइकांसमोर विचारणं. ही मी स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर सांगते.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. गौरी बसायच्या दिवशी संध्याकाळी तिशीतली एक बाई आली. डावा हात ओढणीत बांधलेला, मनगटात हिरव्या काचेचे तुकडे रुतलेले. सणाच्या बांगड्या होत्या त्या. सोबत सासू. पर्चीवरचं माझं आडनाव वाचून सासूबाई म्हणाल्या, “डॉक्टरीणबाई, तुम्ही मराठी का? मग आपल्यातल्याच की!” रामबागेत कुठे राहता, माहेर कुठलं, सगळी चौकशी झाली. मीही सैलावले. इथे दिवसभर हिंदी बोलावं लागतं, कुणी मराठीत बोललं की बरं वाटतंच. काच काढता काढता मी सुनेला विचारलं, “कशा पडलात?” तिने आधी सासूकडे पाहिलं, मग म्हणाली, “जिन्यावरून. गौरीच्या घाईत.” मी केस पेपरवर लिहिलं: जिन्यावरून पडून हाताला दुखापत.

एक्सरे आला. कोपरापासून मनगटापर्यंत करंगळीच्या बाजूने जाणारं हाड बरोबर मध्यावर मोडलं होतं, बाकी सगळं धड. जिन्यावरून पडणारा माणूस हात टेकतो, त्याचं मनगट मोडतं. करंगळीकडचं हाड असं एकटं, मधोमध मोडतं ते बहुतेकदा डोक्यावर येणारा घाव हाताने अडवताना. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. एक्सरे हातात धरून उभी होते, तरी प्लास्टरला पाठवलं आणि पुढचा पेशंट घेतला.

चार महिन्यांनी ती फिनेल पिऊन आली. वाचली. तिच्या भावाने केस केली आणि मला साक्षीचं बोलावणं आलं. समोरच्या वकिलाने माझाच केस पेपर माझ्यापुढे धरला. “मॅडम, हे अक्षर आपलंच ना? जिन्यावरून पडून?” मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? ती समोरच्या बाकावर बसली होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

तेव्हापासून माझा नियम एकच. तपासणीच्या वेळी पडद्याआड फक्त पेशंट. सगळ्यांना सारखा नियम, मग कुणाला संशय येत नाही. नवरा ऐकत नसेल तर त्याला एक्सरेच्या पैशांना पाठवा, आणि तिला लघवीच्या तपासणीची डबी देऊन सिस्टरबरोबर आत न्या. मोठी बोलकी मुलंही बाहेर. चार वर्षांचं पोर घरी जाऊन “मम्मीने डॉक्टरला सांगितलं” म्हणतं, आणि रात्री पुन्हा मार बसतो. भाषेची अडचण असेल, बाई निमाडी बोलणारी असेल, तर आयाबाईंना बोलवा. नणंदेला दुभाषी करू नका. आणि समोरचे लोक आपल्या जातीचे, भाषेचे, ओळखीचे निघाले, तर नियम आणखी कडक पाळा. “आपल्यातलेच” या शब्दाने मला एकदा आंधळं केलंय.

विचारायचं कसं? “कुणी मारलं का?” असं एकदम अंगावर जाऊ नका. मी म्हणते, “अशी जखम मी खूप बायकांमध्ये पाहिली आहे. पुष्कळदा घरातल्या कुणीतरी हात उचललेला असतो. तुमच्याबाबतीत तसं काही झालंय का?” मग गप्प बसायचं. हे गप्प बसणंच नव्या मुलांना जमत नाही. दोन मिनिटांत बाहेर येऊन सांगतात, “मॅडम, ती सांगतच नाही.” अरे, ती सात वर्षं बोलली नाही, तुला दोन मिनिटांत का सांगेल? नाही म्हणाली तरी ठीक. “कधी बोलावंसं वाटलं तर इथे रात्रीही कुणीतरी असतं” एवढं सांगा, आणि विचारलं होतं याची नोंद ठेवा.

काही जण पर्ची काउंटरवरच प्रत्येकीला छापील प्रश्नांवर टिक करायला लावतात. रांगेत, सासरच्यांच्या देखत. हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांतही सरसकट प्रत्येकीला विचारा असं म्हटलेलं नाही. खुणा दिसतील तिथे, एकांतात विचारा, असं म्हटलंय.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक केस पेपरवरची. एमएलसीत, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसच्या नोंदीत, आपल्याकडे सर्रास दोन शब्द पडतात: “घरेलू विवाद”. कसला विवाद? एकाने पट्ट्याने मारलं आणि दुसरीने खाल्लं, त्यात वाद कुठे झाला? तिचे शब्द अवतरणात जसेच्या तसे लिहा: कुणी, कशाने, कधी, कुठे. ती हिंदीत बोलली तर हिंदीत. प्रत्येक जखमेची जागा, सेंटिमीटरमध्ये माप, रंग, आकार. शरीराच्या आकृतीवर खूण. वळावर पट्ट्याच्या बक्कलाचा ठसा असेल तर तोही काढा. जखम आणि सांगितलेली हकीगत जुळत नसेल तर तसं स्पष्ट लिहा. फक्त रंगावरून “तीन दिवसांपूर्वीचा वळ” असं ठोकून देऊ नका; त्यावरून दिवस नेमके सांगता येत नाहीत आणि कोर्टात तेच अंगाशी येतं.

गळा दाबल्याचं आपणहून विचारा. बाहेरून काहीच दिसत नाही म्हणून घरी पाठवलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. आवाज घोगरा झालाय का, गिळताना दुखतं का, डोळ्यांत लाल ठिपके आहेत का, शुद्ध गेली होती का, कपड्यात लघवी झाली होती का? मानेच्या रक्तवाहिनीला आतून इजा असेल तर पक्षाघात काही दिवसांनीही येऊ शकतो. आणि ज्या नवऱ्याने एकदा गळा दाबला, त्याच्या हातून पुढे जीव जाण्याचा धोका कितीतरी वाढतो. अशा बाईला रात्री घरी सोडायची घाई करू नका.

“एमएलसी केली की नवरा आत जाणार” ही भीती तिलाही असते आणि कधी कधी आपल्या स्टाफलाही. लिहिण्याआधी तिला समजावून सांगा: पोलिसांना कळवणं आमचं काम आहे, जबाब काय द्यायचा ते तुमच्या हातात. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा आहे. आधी कुठे हिंसेचा अहवाल दिलेला नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, हे त्याच्या नियमांत स्वच्छ लिहिलंय. अहवाल नसेल तर रुग्णालयानेच फॉर्म १, म्हणजे तोच अहवाल, भरून या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा. तपासणी अहवालाची प्रत तिला फुकट मिळते. हा फॉर्म कपाटात कुठे आहे तेवढं तरी ड्युटीवर आल्या आल्या बघून ठेवा.

“मग सोडत का नाही त्याला?” हे विचारू नका. घर सोडण्याची वेळ हीच अनेकींसाठी सर्वांत धोक्याची असते.

समेट घडवून आणणं तुमचं काम नाही. नवऱ्याला बोलावून झापू नका. त्याची किंमत तिला घरी चुकवावी लागते.

पत्रकं हातात देऊ नका, पर्स तपासली जाते. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तीनच आकडी आहे, तो तिच्याकडून दोनदा म्हणून घ्या. तातडीला ११२. “सखी” वन स्टॉप सेंटर, म्हणजे हिंसा सोसलेल्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र, इंदूरमध्येही आहे आणि तिथे पाच दिवसांपर्यंत राहता येतं, हेही सांगा.

निघण्यापूर्वी “आज रात्री घरी जायला भीती वाटते का?” हे विचारल्याशिवाय डिस्चार्जवर सही करू नका. हो म्हणाली तर बेड शोधा, निरीक्षणाखाली ठेवलंय म्हणून लिहा. नाही म्हणाली तरी मी पर्चीवर “तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग” लिहिते, जखमेला गरज असो वा नसो, आणि माझ्या ड्युटीची वेळ घालते. ड्रेसिंगला यायला घरचे सहसा अडवत नाहीत, आणि दुसऱ्या खेपेला पुष्कळदा सासू सोबत नसते. कितीतरी जणी पहिल्यांदा बोलल्या त्या ड्रेसिंगच्या टेबलावर, पट्टी सोडवता सोडवता.