ऑरलँडो की ॲनाहाइम? डिस्नेच्या सहलीत या चुका टाळा

पुण्याहून अमेरिकेत आलेली आई फोनवर मावशीला सांगत असते, "पुढच्या महिन्यात डिस्नेलँडला नेतायत आम्हाला." आम्ही नेणार असतो फ्लोरिडातल्या ऑरलँडोला, आणि ऑरलँडोत डिस्नेलँड नाहीच, तिथे आहे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड. मावशीला त्याने काही फरक पडत नाही. पण बेत आखणाऱ्यानेही दोन्ही जागा एकच धरल्या, की गडबड सुरू होते. कॅलिफोर्नियाला जाऊन आलेल्या मित्राचं वेळापत्रक घ्यायचं आणि फ्लोरिडात चालवायचं, किंवा उलट. जवळपास सगळ्या चुकांचं मूळ इथे सापडतं.

डिस्नेलँड कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमचं, १७ जुलै १९५५ ला उघडलेलं. पार्क चालायला लागलं तशी त्याच्या कुंपणाला लागून मोटेलं आणि दुकानं उगवली. वॉल्ट डिस्नेला ते खटकत राहिलं, पण आजूबाजूची जमीन हातात नव्हती. म्हणून साठच्या दशकात फ्लोरिडात वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने गुपचूप जमीन घेतली गेली, किती तरी हजार एकर. डिस्ने स्वतः डिसेंबर १९६६ मध्ये गेला आणि वॉल्ट डिस्ने वर्ल्ड उघडलं १ ऑक्टोबर १९७१ ला. एक जागा दाटीवाटीची, दुसरी ऐसपैस. कागदावर ऐसपैस जागा छान वाटते. पायांना काय वाटतं, ते तिथे गेल्यावर कळतं.

अंतराचा हिशेब न करणं

ॲनाहाइममध्ये दोनच पार्क आहेत, डिस्नेलँड आणि २००१ साली आलेलं कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर. दोघांची दारं समोरासमोर. एका दारातून निघून दुसऱ्यात शिरायला वाड्याचं अंगण ओलांडण्याइतका वेळ लागतो. हार्बर बुलेव्हार्डवरच्या कितीतरी साध्या हॉटेलांतून दहा मिनिटांत चालत गेटवर पोचता येतं. दुपारी मूल कुरकुरायला लागलं तर खोलीवर या, झोपवा, संध्याकाळी परत जा.

फ्लोरिडात चार पार्क: मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम. शिवाय दोन वॉटर पार्क, पंचवीसहून जास्त हॉटेलं, आणि हे सगळं सुमारे १०० चौरस किलोमीटरमध्ये पसरलेलं. बोरिवलीचं नॅशनल पार्क साधारण तेवढंच आहे, म्हणजे अंदाज यावा.

आमची पहिली खेप इथेच फसली, आणि दोष सर्वस्वी आमचा होता. पार्क नऊला उघडतं म्हणून आम्ही साडेआठला पार्किंगमध्ये. गाडी थांबली तशी बाबांनी टोपी घातली, "आलं एकदाचं." आलं नव्हतं. तिथून ट्रॅम. ट्रॅममधून उतरल्यावर बाबा म्हणाले, "हे का?" ते फक्त तिकिटांचं आणि वाहनांचं ठाणं होतं. पुढे बॅगांची तपासणी, मग भलं मोठं तळं, आणि तळ्यापलीकडे बोटाएवढा दिसणारा किल्ला. तिथे जायला बोट किंवा मोनोरेल. बोटीत बसल्यावर बाबांनी विचारणं सोडून दिलं. गेटमधून आत पाऊल पडलं तेव्हा पावणेदहा वाजून गेले होते आणि सव्वानऊला राखून ठेवलेला नाश्ता हुकला होता.

म्हणून मॅजिक किंगडमला स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर उघडायच्या वेळेआधी दीड तास हॉटेल सोडा. आवारातल्या हॉटेलात उतरला असाल तर बसने थेट गेटवर पोचता, पण बसमध्ये चढताना स्ट्रोलर, म्हणजे मुलाची ढकलगाडी, मिटावा लागतो. झोपलेलं पोर एका हातात आणि न मिटणारा स्ट्रोलर दुसऱ्या हातात, ही वेळ येऊ द्यायची नसेल तर एका हाताने मिटणारा न्या. ओढायची वॅगन तर दोन्हीकडे चालत नाही.

याच कारणाने पार्क हॉपर, म्हणजे एका दिवसात अनेक पार्क पाहण्याचं तिकीट, कॅलिफोर्नियात घेण्यासारखं आहे आणि फ्लोरिडात पहिल्या खेपेला बहुधा वाया जातं. तिथे पार्क बदलायला सहज तास जातो.

दिवसाच्या तिकिटावरून तुलना करणं

दोन्हीकडचे तिकिटाचे दर शेजारी मांडून "हे स्वस्त पडतं" म्हणणारे पुष्कळ भेटतात. दर दिवसाचा आकडा सोडा, दिवस मोजा. ॲनाहाइम दोन-तीन दिवसांत नीट होतं. ऑरलँडोत चार पार्कांना चार दिवस, आणि मधे एक दिवस निव्वळ पोहायचा आणि झोपायचा. हा मोकळा दिवस पैसे फुकट गेल्यासारखा वाटतो आणि सगळे तोच पहिल्यांदा कापतात. चौथ्या दिवशी एपकॉटमध्ये अकरा देशांच्या दालनांना वळसा घालणाऱ्या जवळपास दोन किलोमीटरच्या वाटेवर त्याची किंमत कळते. (त्या अकरांत भारत नाही. आईने विचारलंच होतं.)

न्यू जर्सीच्या बाजूला राहणाऱ्यांना ऑरलँडोचं विमान स्वस्त आणि तीन तासांच्या आतलं, म्हणून कॅलिफोर्नियाचा विचारच होत नाही. पण लाँग वीकेंडचे तीनच दिवस असतील, तर ऑरलँडोत त्यांतले कितीतरी तास नुसते इकडून तिकडे जाण्यात संपतात.

माझं मत विचाराल तर पाच-सहा वर्षांच्या आतलं मूल आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर कॅलिफोर्निया. आठ ते बाराची मुलं आणि हातात आठवडा असेल तर फ्लोरिडा. आणि हो, तीन वर्षांच्या आतल्या मुलाला दोन्हीकडे तिकीट नाही, तर दहा पूर्ण झाली की मोठ्यांचं तिकीट. वाढदिवस तोंडावर असेल तर सहलीची तारीख जरा मागेपुढे करून पाहा.

आई-बाबा आहेत म्हणून जुलै

भारतातून आई-बाबा येतात ते इथल्या उन्हाळ्यात, मुलांच्या सुट्ट्याही तेव्हाच. नेमकं तेव्हा फ्लोरिडात कोकणातल्या मे महिन्यासारखं चिकट ऊन असतं आणि दुपारी विजांचा पाऊस. वीज जवळ आली की उघड्यावरच्या राइड थांबवतात. पहिल्यांदा गेलेली मंडळी याच वेळी वैतागून हॉटेलवर परततात. तसं करू नका. पावसाचं प्लास्टिक घरूनच न्या आणि तो तास छपराखालच्या खेळात किंवा नाटकात घालवा. पाऊस बहुधा तास-दीड तासात ओसरतो आणि गर्दीही त्याच्याबरोबर पातळ झालेली असते. चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो, ऑगस्ट ते ऑक्टोबर हा त्यातला जोराचा काळ. तेव्हाचं बुकिंग करताना रद्द केल्यास पैसे परत मिळतील असंच हॉटेल घ्या.

कॅलिफोर्नियात चूक उलटी होते. उन्हाळा कोरडा, म्हणून सगळे अर्ध्या बाह्यांत येतात आणि रात्रीच्या आतषबाजीला कुडकुडत उभे राहतात. जूनमध्ये सकाळी समुद्रावरून आलेले ढग दुपारपर्यंत हटत नाहीत. बाबांसाठी स्वेटर न्याच. आतषबाजीचंही मनात फार धरून बसू नका, वर वारा जोरात असेल तर ती ऐनवेळी रद्द होते.

घरी उंची न मोजणं

ओळखीच्या एका कुटुंबातली सात वर्षांची मुलगी कॅलिफोर्नियात स्पेस माउंटनमध्ये बसून आली होती. पुढे काही महिन्यांतच फ्लोरिडाला गेले. तिथेही स्पेस माउंटन, तेच नाव, बाहेरून तसंच पांढरं शिखर. रांगेच्या तोंडाशी मापाची पट्टी असते, तिच्याखाली ती ऐटीत उभी राहिली आणि डोक्यावर तीन बोटं फट राहिली. कॅलिफोर्नियात या राइडला ४० इंच उंची लागते, फ्लोरिडात ४४. साधारण १०२ आणि ११२ सेंटिमीटर. तिला हे समजावणं कोणालाच जमलं नाही.

नाव एक असलं तरी राइड एक नसते. पायरेट्स ऑफ द कॅरिबियनची कॅलिफोर्नियातली फेरी फ्लोरिडातल्या फेरीपेक्षा बरीच लांब आहे. रेडिएटर स्प्रिंग्ज रेसर्स, मॅटरहॉर्न, इंडियाना जोन्स या फक्त कॅलिफोर्नियात आहेत. ॲनिमल किंगडमची सफारी आणि 'अवतार' सिनेमातल्या जगावरून उडवत नेणारी फ्लाइट ऑफ पॅसेज फक्त फ्लोरिडात. घरी भिंतीशी उभं करून, बूट घालून उंची मोजा आणि जिथे बसता येणार नाही त्या राइडची नावं मुलासमोर काढूच नका. धाकटा बसू शकत नसेल तर दारावरच्या माणसाला 'रायडर स्विच' मागा. एक पालक धाकट्याला घेऊन बाहेर थांबतो, मग पुन्हा मोठी रांग न लावता आत जातो. ही सोय दोन्हीकडे आहे, आणि मागितल्याशिवाय कोणी आपणहून देत नाही.

फोन बाहेर न काढणं, किंवा उशिरा काढणं

लाइटनिंग लेन म्हणजे पैसे भरून छोट्या रांगेतून जाणं. फ्लोरिडात यातल्या वेळा आधीच राखता येतात: आवारातल्या हॉटेलांत उतरलेल्यांना मुक्कामाच्या ७ दिवस आधीपासून, इतरांना ३ दिवस आधीपासून. कॅलिफोर्नियात मात्र वेळ निवडायची ती त्या दिवशी पार्कात शिरल्यावर. कॅलिफोर्नियाच्या सवयीने "आत गेल्यावर बघू" म्हणत फ्लोरिडाला गेलात, तर चांगल्या राइडच्या वेळा आधीच गेलेल्या असतात. नियम बदलत राहतात, तेव्हा तिकीट घ्याल त्याच दिवशी त्या त्या जागेचं अधिकृत ॲप वाचा. ॲप दोन्हींची वेगळी आहेत. कॅलिफोर्नियात त्या तारखेचं पार्क आरक्षण वेगळं लागतं का, तेही तेव्हाच पाहा.

एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये हॅलोविनच्या आणि पुढे नाताळच्या पार्ट्या असतात, त्या रात्री मॅजिक किंगडम साध्या तिकीटवाल्यांसाठी संध्याकाळीच बंद होतं. आतषबाजी बघायची म्हणून तो दिवस राखलात तर सहाच्या सुमारास तुम्हाला गोड बोलून बाहेरची वाट दाखवतात. पण संध्याकाळी थांबायचंच नसेल तर तोच दिवस सोन्यासारखा, कारण रात्र हवी असलेले लोक त्या दिवशी येत नाहीत आणि दिवसा गर्दी कमी असते.

आजी-आजोबांचे पाय आणि सगळ्यांचं पोट

"बाबा रोज सकाळी पर्वती चढतात, त्यांना काय व्हीलचेअर" हे वाक्य मीही बोललो आहे. दिवसाला वीस हजार पावलं, वर रांगेत ताटकळणं, आणि हे सलग चार दिवस. व्हीलचेअर दोन्हीकडे भाड्याने मिळते. पहिल्या दिवशी मान आड येतो, तिसऱ्या दिवशी ते स्वतःच "ती खुर्ची कुठे मिळते?" विचारतात. तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

घरचं खाणं दोन्ही ठिकाणी आत नेता येतं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू, सगळं चालतं. काचेची भांडी आणि सुटा बर्फ चालत नाही, म्हणजे लोणच्याची बरणी हॉटेलात राहू द्या, लोणचं डबीत काढा. ॲनाहाइमहून गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर आर्टेशियाचा पायोनियर बुलेव्हार्ड आहे, तिथे भारतीय दुकानांची आणि खानावळींची रांगच आहे. एका संध्याकाळी तिकडे गेलात तर आईचा पुढचा दिवस सुखाचा जातो.

फ्लोरिडात ॲनिमल किंगडम लॉजमधल्या सना या रेस्टॉरंटात टेबल राखा. आफ्रिकी जेवणाला भारतीय मसाल्यांची जोड आहे, नानसारख्या गरम पोळ्यांबरोबर चटण्या येतात, आणि तिथे जायला पार्कचं तिकीट लागत नाही. खिडकीबाहेर गवताळ माळ आहे. बाबांनी त्या आख्ख्या सहलीत सगळ्यात जास्त फोटो काढले ते इथे: किल्ल्याचे दोन, मिकीचा एक, आणि खिडकीतून दिसणाऱ्या जिराफाचे एकेचाळीस.