डिस्चार्ज घेताना ऑपरेशनचा रिपोर्ट वाचा: या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात ऑपरेशन एका गावात आणि पुढचे उपचार दुसऱ्याच गावात, हे नेहमीचंच. शस्त्रक्रिया बेळगावात होते, टाके गावचे डॉक्टर काढतात, काही बिनसलं तर मिरज किंवा कोल्हापूर गाठावं लागतं. ऑपरेशन केलेले डॉक्टर तिथे नसतात, त्यांचा कागद असतो. म्हणून बिल बघतो तितक्याच बारकाईने ऑपरेशन नोट (ऑपरेशनमध्ये काय केलं याची डॉक्टरांची नोंद) आणि डिस्चार्ज समरी (घरी सोडताना मिळणारा उपचारांचा सारांश) बघा. इंग्रजी येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या पोराला शेजारी बसवा. बऱ्याच चुका पकडायला डॉक्टरकी लागत नाही.

सगळ्यात आधी डावं-उजवं. 'आरटी' म्हणजे उजवी बाजू, 'एलटी' म्हणजे डावी. डोळ्यांच्या कागदावर 'ओडी' उजवा, 'ओएस' डावा. संमतीपत्र, ऑपरेशन नोट आणि समरी, तिन्हीकडे एकच बाजू हवी. एका ठिकाणी जरी वेगळी दिसली तरी दुरुस्ती झाल्याशिवाय निघू नका.

संगणकात आधीच भरलेल्या मजकुरातून होणारी चूक फसवी असते. पिशवी काढलेल्या बाईच्या सोनोग्राफीत 'गर्भाशय नॉर्मल', पित्ताशय काढलेल्या माणसाच्या रिपोर्टात 'पित्ताशय नॉर्मल'. असं दिसलं तर जुनी ओळ राहून गेली की रिपोर्टच दुसऱ्याचा आला, हे लगेच विचारा. एका वॉर्डात दोन-तीन पाटील सहज असतात. नावाबरोबर वय आणि आयपी नंबरही (भरती रुग्णाला दवाखाना देतो तो नंबर) जुळवा. नावाचं स्पेलिंग आधारकार्डाप्रमाणे हवं. कानावरून लिहिलेल्या नावामुळे पुढे विम्याचा दावा अडकतो. सोनोग्राफीच्या रिपोर्टात वर सविस्तर भागात खडा ८ मिमी आणि खाली निष्कर्षात ८ सेमी, असंही होतं. दोन्ही भाग ताडून बघा.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती डीजे स्टेंटची. मुतखड्याच्या ऑपरेशननंतर मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक बारीक नळी अनेकदा ठेवतात. ती कायमची नसते, डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीत काढावी किंवा बदलावी लागते. ऑपरेशन नोटमध्ये नळीचा उल्लेख असतो, पण समरीत ती काढायची तारीखच नसते. पेशंटला फारसा त्रास नसेल, तिकडे कारखाना सुरू होऊन उसाची तोड आली, की नळी विसरली जाते. आत राहिलेल्या नळीवर खडे धरतात, लघवीची वाट अडते आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. तेव्हा स्पष्ट विचारा, "आत नळी ठेवली आहे का? कधी काढायची?" आणि तारीख समरीवर लिहून घ्या.

शरीरात कायम राहणाऱ्या वस्तूंचे, म्हणजे हृदयाचा स्टेंट, डोळ्याची लेन्स, गुडघ्याचा सांधा यांचे स्टिकर फाईलमध्ये हवेत. त्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर (ती वस्तू कुठल्या खेपेत बनली तो नंबर) असतो. हृदयाच्या स्टेंटचं माप २.७५ × २४ असं लिहिलेलं असेल तर पहिला आकडा व्यास, दुसरा लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. रिपोर्टातले स्टेंट, स्टिकर आणि बिलातले स्टेंट मोजून बघा. हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे, त्यामुळे प्रकार आणि संख्या बिलाशी जुळणं महत्त्वाचं.

बायोप्सीचा तुकडा, म्हणजे शरीरातून काढलेला नमुना, तपासायला पाठवला असेल तर तो रिपोर्ट बहुधा डिस्चार्जनंतर येतो. कुठे, कधी मिळणार ते विचारून घ्या, आणि तो आणायला नक्की जा.

चूक सापडली तर स्वतः पेन लावू नका. डॉक्टरांनीच चुकीच्या शब्दावर एक रेघ मारून, मूळ शब्द वाचता येईल असा ठेवून, शेजारी सही आणि तारीख घालायची असते. संगणकावरचा रिपोर्ट असेल तर तारखेसह सुधारित प्रत मागा. घरी आल्यावर लक्षात आलं तर लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. भरती रुग्णांची नोंद मात्र उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षंच ठेवायची सक्ती आहे, त्यामुळे तुमची फाईल तुम्हालाच जपावी लागेल.