शाळा कुणी चालवावी हे पालकांना विचारताय? या चुका टाळा

शाळा झेडपीकडेच राहू द्यायची, समूह शाळेत (आसपासच्या लहान शाळा एकत्र करून चालवलेल्या एका शाळेत) न्यायची की एखाद्या संस्थेकडे द्यायची, यावर पालकांचं मत घ्यायला बरेच जण गावात येतात. कुणी विस्तार अधिकारी असतो, कुणी संस्थेचा कार्यकर्ता, कुणी फेलोशिपवरचा तरुण. २०२३ च्या सप्टेंबरात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे समूह शाळेसाठी प्रस्ताव मागवले गेले, तेव्हापासून हा विषय वाडी-तांड्यापर्यंत पोहोचलाय. बीड असो, धाराशिव असो की नांदेड, चुका मात्र त्याच त्याच बघतोय.

पालक गावात नसताना पालक सभा घेणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते, कारण ती टाळायला एक पैसाही लागत नाही.

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका तांड्यावरची गोष्ट. भर हिवाळ्यात सभा झाली. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या नवरा-बायकोच्या जोड्या कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्याकडं निघून जातात, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. तरी सभा झाली, सह्या-अंगठ्यांनी पान भरलं आणि ठराव लिहिला गेला: शेजारच्या गावच्या शाळेत समायोजन करण्यास पालकांची हरकत नाही.

मी ते पान आणि शाळेचा पट शेजारी ठेवून नावं जुळवली. शाळेत लेकरू असलेले आई-बाप चार निघाले. बाकी काही आजी-आजोबा, दोन-तीन चुलते, आणि ज्यांची मुलं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात असे गावातले कारभारी. गुढीपाडव्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या तेव्हा एक आई शाळेसमोर उभी राहून म्हणाली, "सर, आमी फडात होताव, अन् हितं आमच्या नावानं हो म्हणून टाकलं? पावसाळ्यात वड्याला पाणी आलं की पोरगी शाळंत जाईल कशी?" त्या पोरीच्या आजीनं हा ओढा सभेतही बोलून दाखवला होता. इतिवृत्तात त्याचा एक शब्द नव्हता.

पुन्हा सभा झाली, उलटा ठराव झाला. पण पहिला कागद वर गेलेला होता. मग कार्यालयातून विचारणा आली की एकाच तांड्याचे दोन ठराव, यातला खरा कोणता? जी बाजू पालकांची होती, तीच त्यांना सिद्ध करत बसावी लागली.

माझी सवय सांगतो. आधी पट हातात घ्यायचा, मग तारीख ठरवायची. ऊसतोडीच्या गावात दसऱ्याच्या आधी किंवा गुढीपाडव्यानंतरच. घाई असलीच तर रात्री आठनंतर, माणसं फडावरून (उसाच्या शेतातून) कोपीवर, म्हणजे झोपडीवर, आली की एकेकाला फोन. मुकादमाच्या फोनवरून कधीच नाही, त्याच्यासमोर बाई मोकळं बोलत नाही. आजी-आजोबांचं मत जरूर घ्या. लेकरू त्यांच्याजवळ राहत असेल तर तेच पालक आहेत. फक्त नावापुढं नातं लिहा आणि ज्याचं लेकरू पटावर नाही त्याची सही पालकांच्या पानावर येऊ देऊ नका. दोन दिवसांत गुगल फॉर्म भरून घेतो म्हणणारे मला पटत नाहीत. घरात एक फोन, तोही बापाच्या खिशात. मग आईचं मत आलं कुठून?

छताची तक्रार म्हणजे संमती, असं धरणं

आपल्याकडं कित्येक शाळा अजून निजामकाळातल्या खोल्यांत भरतात. भिंतीला ओल, पत्रे गळके, पावसात दोन वर्ग एका खोलीत. अशा गावात सभा घेतली की पहिला अर्धा तास माणसं यावरच बोलणार, आणि बोललंच पाहिजे. पण "खोली गळते", "सर दोनच आहेत, वर्ग पाच", "सर सदानकदा ऑनलाइन माहिती भरत असतात" हे सगळं ऐकून अहवालात "पालक झेडपीच्या कारभारावर नाराज असून हस्तांतरास अनुकूल आहेत" असं लिहिलेलं मी वाचलंय. माणूस खोली मागतोय आणि तुम्ही त्याची शाळा देऊन टाकताय. हा अन्याय आहे.

मी दोन वेगळे कागद करतो. एकावर "शाळेत काय कमी आहे" आणि दुसऱ्यावर "शाळा कुणी चालवावी". पहिला कागद पूर्ण भरून, मोठ्यानं वाचून झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नाही. दुसऱ्या कागदावर नेहमी विचारतो: हीच खोली दुरुस्त झाली, शिक्षक पुरे मिळाले, तर तुमचं मत काय? बऱ्याचदा इथं सभेचा सूरच बदलतो.

पर्याय नीट न सांगणं

"संस्थेला द्यायची का?" हा प्रश्नच अर्धवट आहे. संस्था अनुदानित की विनाअनुदानित, हे आधी सांगा. शिक्षण हक्क कायद्यानं झेडपीच्या शाळेत पहिली ते आठवी सगळ्या लेकरांना मोफत शिक्षण आहे. विनाअनुदानित शाळेत ते बंधन सुरुवातीच्या वर्गाच्या २५ टक्के जागांपुरतं. पोषण आहारही सरकारी आणि अनुदानित शाळांनाच मिळतो. दुपारची खिचडी राहणार की जाणार, हे आईला ठाऊक नसेल तर तिचं "हो" कशाचं?

समूह शाळेचं सांगताना अंतर सांगा. राज्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत हवी. गाडी मिळणार असेल तर ती कुणाची, डिझेल कुणाचं, आणि गाडी हुकली तर लेकरानं काय करायचं, याचं उत्तर घेऊनच सभेला या. आयाबाया हेच विचारतात.

आणि शाळा दत्तक योजना यात मिसळू नका. त्यात देणगीदार पाच किंवा दहा वर्षं वस्तू-सेवांची मदत करतो, शाळेला नाव जोडू शकतो. शाळेचं व्यवस्थापन मात्र बदलत नाही.

छोट्या चुका, पण रोजच्या

सोयाबीनच्या काढणीत किंवा कापूस वेचणीत सकाळी अकराची सभा लावणं. दिवेलागणीनंतर घ्या.

सरपंचाच्या ओट्यावर सभा घेणं. शाळेतच घ्या, नाहीतर निम्मी वस्ती येणार नाही. का येणार नाही, हे मराठवाड्यात राहणाऱ्याला समजतं.

आधी सह्या, मग चर्चा. हे ज्यानं सुरू केलं त्यानं फार नुकसान केलंय.

तांड्यावर गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारं माणूस सोबत न नेणं.

मुख्याध्यापकांनाच सभा चालवायला लावणं. त्यांच्या बदलीचा, पदाचा प्रश्न त्यात गुंतलेला असतो. पालक त्यांच्या तोंडावर बोलत नाहीत, आणि तेही अवघडतात.

शाळा व्यवस्थापन समितीला विचारलं म्हणजे गावाला विचारलं, असं समजणं. कायद्यानं समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या बायका असायला हव्यात. पण समिती खरंच पालकांनी निवडली, की नावं कुणी घरी बसून लिहिली, ते आधी बघा. अध्यक्षांशिवाय इतर सदस्यांना भेटा. आपण सदस्य आहोत हेच न कळलेली बाई हमखास भेटते.

"तुम्ही म्हणाल तसं होईल"

असं कधीही म्हणू नका. निर्णय जिल्हा परिषद आणि शासन घेतं. पालकांचं मत हा त्यातला एक कागद आहे, फार महत्त्वाचा, पण कागदच. हे पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं तरी माणसं उठून जात नाहीत. उलट जपून, मुद्द्याचं बोलतात. खोटी आशा देऊन गर्दी जमवणाऱ्यांमुळं पुढच्या माणसाला गावात कुणी दारात उभं करत नाही.

सभा संपली की इतिवृत्त तिथंच मोठ्यानं वाचतो, विरोधातलं मत ज्याचं त्याच्या शब्दांत लिहिलंय का ते विचारतो, आणि मगच सह्या घेतो. एक प्रत शाळेच्या भिंतीवर, एक समितीकडे. पंचायत समितीत कागद दिला की आवक क्रमांक आणि तारीख भिंतीवरच्या प्रतीवर लिहून यायचं. उत्तर आलं नाही तर तोच क्रमांक घेऊन पालक स्वतः गटशिक्षणाधिकाऱ्यांसमोर उभे राहू शकतात.